तळ्याकाठचे घर, बोट आणि हरिकेन : फ्लोरिडात नव्याने आलेल्यांसाठी मार्गदर्शन

ऑरलँडो किंवा टँपाच्या आसपास तळ्याकाठी घर घेणाऱ्या कुटुंबांचा एक समज फार लवकर पक्का होतो. हरिकेनची, म्हणजे अटलांटिकमधील तीव्र चक्रीवादळाची, काळजी समुद्रकिनाऱ्यावरच्यांनी करायची, आपण आत राहतो, आपल्याकडे फार तर जोराचा पाऊस होईल, असा तो समज असतो. १३ ऑगस्ट २००४ रोजी चार्ली हे वादळ दुपारी फ्लोरिडाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर धडकले आणि त्याच रात्री, हरिकेनची ताकद टिकवून, ऑरलँडोवरून पुढे गेले. सप्टेंबर २०२२ च्या अखेरीस आलेल्या इयनने राज्याच्या मध्यभागी इतका पाऊस पाडला की समुद्रापासून दूर असलेल्या वसाहतींतूनही लोकांना बोटीने बाहेर काढावे लागले. समुद्र लांब असल्यामुळे भरतीच्या लाटेचा, म्हणजे वादळाने किनाऱ्यावर ढकललेल्या समुद्राच्या पाण्याचा, धोका टळतो हे खरे, पण तळ्याचे स्वतःचे काही धोके असतात आणि तयारी त्या धोक्यांप्रमाणे करावी लागते.

तळे कोणत्या प्रकारचे आहे हे आधी समजून घ्यावे

पहिला प्रकार नदीला जोडलेल्या तळ्यांचा. सेंट जॉन्स ही उत्तरेकडे वाहणारी नदी सुमारे ५०० किलोमीटरच्या प्रवासात जेमतेम ९ मीटर उतरते, त्यामुळे तिच्यात आलेले पाणी पुढे सरकायला फार वेळ लागतो. इयन निघून गेल्यावर सॅनफर्ड येथील लेक मनरोचे पाणी स्वच्छ उन्हात कित्येक दिवस चढत राहिले आणि काठाची भिंत ओलांडून रस्त्यावर आले. अशा तळ्यावर वारा थांबला म्हणजे संकट टळले असे समजून डॉकवरचे, म्हणजे बोट बांधण्याच्या धक्क्यावरचे, सामान पुन्हा मांडणे घाईचे ठरते.

दुसरा प्रकार मोठ्या आणि उथळ तळ्यांचा. लेक ओकीचोबीचे क्षेत्रफळ सुमारे १,९०० चौरस किलोमीटर आहे, पण सरासरी खोली तीन मीटरहूनही कमी आहे. वादळाचा वारा असे पाणी एका काठाकडे ढकलत नेतो, तेव्हा समोरचा काठ कोरडा पडतो आणि इकडे पाणी चढते. सप्टेंबर १९२८ मधील हरिकेनमध्ये याच कारणाने दक्षिणेकडचा मातीचा बांध फुटला आणि किमान अडीच हजार माणसे बुडाली. आज तळ्याभोवती दिसणारा सुमारे २३० किलोमीटर लांबीचा हर्बर्ट हूवर बांध त्या घटनेनंतर उभारला गेला. लहान तळ्यांत पाणी एवढे सरकत नाही, परंतु तळ्याचा लांब अक्ष आणि वाऱ्याची दिशा जुळली की टोकाच्या घरांच्या डॉकवर लाटांचा मारा तासन्‌तास चालतो.

तिसरा प्रकार धरणामुळे तयार झालेल्या जलाशयांचा. तो फ्लोरिडापेक्षा टेक्सास आणि कॅरोलायनात अधिक आढळतो. खडकवासल्यातून विसर्ग वाढवला की पुण्यात नदीपात्रातील रस्ता बंद होतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना याचे गणित वेगळे सांगावे लागणार नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वी वादळाच्या पावसात ह्यूस्टनच्या उत्तरेकडील लेक कॉनरोमधून सुमारे ७९,००० क्युसेक पाणी सोडावे लागले. आपले घर धरणाच्या वर आहे की खाली, दरवाजे कोण चालवते आणि पातळीची माहिती कोठे मिळते, या तीन गोष्टी घर घेतल्याच्या पहिल्या महिन्यातच विचारून ठेवाव्यात. वादळाआधी पातळी मुद्दाम कमी केली जात असेल तर डॉकला बांधलेली बोट चिखलावर टेकू शकते, हेही लक्षात ठेवावे.

जूनच्या आधी उरकण्याची कामे

अटलांटिकमधील हरिकेनचा अधिकृत मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर असा आहे. काही कामे मोसम सुरू झाल्यावर करून उपयोग नसतो आणि त्यांत विमा सर्वांत वर येतो. घराच्या नेहमीच्या विम्यात पुराचे नुकसान धरलेले नसते. राष्ट्रीय पूर विमा योजनेची स्वतंत्र पॉलिसी घ्यावी लागते आणि ती सर्वसाधारणपणे ३० दिवसांनी लागू होते, म्हणजे टीव्हीवर वादळाचे नाव ऐकून फोन करणाऱ्याला ती त्या वादळासाठी मिळत नाही. या पॉलिसीत घराच्या इमारतीसाठी अडीच लाख डॉलर आणि सामानासाठी एक लाख डॉलर ही कमाल मर्यादा असून डॉक, बोट, पोहण्याचा तलाव आणि सेप्टिक टाकी तिच्यात येत नाहीत. तळ्याकाठच्या माणसाला नेमकी हीच यादी महत्त्वाची असल्यामुळे पॉलिसीची वगळणुकीची पाने आधी वाचावीत, असा माझा आग्रह आहे. बोटीच्या विम्यात नाव दिलेल्या वादळासाठी वेगळी, मोठी वजावट (नुकसानीचा आपण स्वतः सोसायचा भाग) असू शकते. त्याच पॉलिसीत वादळापूर्वी बोट पाण्याबाहेर काढण्याचा काही खर्च भरून देण्याची सोयही अनेकदा असते, पण ती विचारल्याखेरीज कोणी सांगत नाही.

काठावरची झाडे छाटायची तर ती मे महिन्यात छाटावीत. वादळाचा इशारा निघाल्यावर तोडलेल्या फांद्या कचरागाडीने उचलल्या जात नाहीत आणि वाऱ्यात त्याच खिडकीवर येऊन आदळतात. घर, डॉक, बोट पाण्यावर उचलून ठेवणारी लिफ्ट आणि बोट यांचे सर्व बाजूंनी फोटो आणि एक सलग व्हिडिओ काढून तो घराबाहेर, म्हणजे क्लाउडवर, ठेवावा. बोटीचा आणि इंजिनाचा क्रमांक त्यात स्पष्ट वाचता आला पाहिजे.

अंदाज कसा वाचावा

मायामी येथील नॅशनल हरिकेन सेंटर उन्हाळी वेळेनुसार पहाटे ५, सकाळी ११, सायंकाळी ५ आणि रात्री ११ वाजता संपूर्ण पत्रक काढते, आणि किनाऱ्याला धोका असताना मध्ये तीन तासांनी आणखी एक. नकाशावर दिसणारा पांढरा शंकू वादळाच्या आकाराचा नसून त्याच्या केंद्राच्या संभाव्य मार्गाचा असतो, आणि प्रत्यक्ष केंद्र साधारण तीनांपैकी एका वेळी त्या शंकूच्या बाहेरही जाते. म्हणून आपले गाव शंकूच्या कडेला आहे की बाहेर, यावर तयारी ठरवू नये. जोरदार वारे सुरू होण्याच्या अंदाजे ४८ तास आधी ‘वॉच’ (सावधगिरीची सूचना) आणि ३६ तास आधी ‘वॉर्निंग’ (इशारा) जाहीर होते. घराची आवराआवर वॉच निघाल्यावर सुरू केली तरी चालते, मात्र बोटीसाठी तोवर उशीर झालेला असतो, कारण बोट पाण्यातून काढण्याच्या सार्वजनिक रॅम्पवर रांगा लागलेल्या असतात आणि मरिनातील, म्हणजे बोटी ठेवण्याच्या तळावरील, क्रेनचे वेळापत्रक भरलेले असते. बोटीचा निर्णय चार-पाच दिवस आधी घ्यावा. वादळ वळले तर एक शनिवार-रविवार वाया गेला असे म्हणून सोडून द्यावे.

बोट : शक्य असेल तर पाण्याबाहेर

ट्रेलरवर जाणारी बोट पाण्यात ठेवण्याचे कोणतेही कारण मला पटत नाही. गॅरेजमध्ये मावली तर उत्तम. न मावल्यास पक्क्या इमारतीच्या आडोशाला, झाडांपासून दूर आणि तळ्याच्या संभाव्य पातळीच्या वर अशी जागा शोधावी. काठावरची उतरती हिरवळ सोयीची वाटते, पण पाणी चढले की ट्रेलरसकट बोट तिथून तरंगत जाते. ट्रेलरच्या चाकांना ठोकळे लावावेत, चौकट आणि अॅक्सल यांच्यामध्ये लाकडी ठोकळे बसवावेत आणि मग टायरमधील निम्मी हवा काढावी. जमिनीत स्क्रूसारखे फिरवून बसवायचे अँकर घेऊन बोट आणि ट्रेलर दोन्ही पट्ट्यांनी आवळावेत. फ्लोरिडाच्या वाळूत, ती पाण्याने भिजल्यावर, आखूड अँकर सहज उपटून येतात, त्यामुळे लांब अँकर निवडावेत. लहान आउटबोर्ड बोटीत, म्हणजे इंजिन बाहेर मागे लावलेल्या बोटीत, वजनासाठी थोडे पाणी भरण्याची पद्धत आहे. ज्या बोटीचे इंजिन आत असते तिच्यात पाणी भरू नये, उलट तिचा तळाचा प्लग काढून ठेवावा. काढलेला प्लग स्टिअरिंगलाच बांधावा, म्हणजे पुन्हा पाण्यात उतरवताना तो विसरला जाणार नाही.

पाँटून बोटींबद्दल, म्हणजे तरंगत्या पोकळ नळ्यांवर सपाट फळी बसवलेल्या बोटींबद्दल, वेगळे सांगणे आवश्यक आहे, कारण तळ्यांवर त्याच सर्वाधिक दिसतात. सपाट आणि रुंद तळव्याखाली वारा शिरला की ही बोट ट्रेलरवरूनही उचलली जाते. तिचे छत पूर्णपणे उतरवून घरात ठेवावे आणि चारही कोपरे जमिनीकडे खेचून बांधावेत. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ताशी ४० मैलांच्या वाऱ्यात जे छत नुसते फडफडते त्यावर ८० मैलांच्या वाऱ्यात चौपट जोर येतो. शिडाची बोट असेल तर गुंडाळलेले शीडही जागेवर ठेवू नये, ते उतरवूनच घ्यावे.

आता लिफ्टविषयी. डॉकला जोडलेल्या विजेच्या लिफ्टवर बोट वर उचलून ठेवली की काम झाले असे अनेकांना वाटते, आणि माझ्या मते हाच सर्वांत फसवा पर्याय आहे. हिशोब करून पाहावा : २० फूट लांब आणि ८ फूट रुंद बोटीवर १० इंच पाऊस पडला आणि पाणी वाहून गेले नाही, तर सुमारे ८,३०० पौंड, म्हणजे पावणेचार टन, एवढे ओझे वाढते. ते बोटीच्या स्वतःच्या वजनापेक्षाही जास्त भरू शकते. लिफ्टच्या तारा आणि खांब या भारासाठी बनवलेले नसतात. शिवाय पाणी बोटीच्या तळापर्यंत पोहोचले की ती लिफ्टवरून तरंगून सुटते आणि पाणी उतरताना वेडीवाकडी खांबावर बसते. दुसरा मार्गच नसेल तर प्लग काढून ठेवावा, म्हणजे पावसाचे पाणी निघून जाईल आणि तळ्याचे पाणी चढले तर ते बोटीत शिरून तिला जागेवरच धरून ठेवील. छत आणि आच्छादन काढावे, बोट लिफ्टच्या चौकटीला आवळून बांधावी आणि बॅटरी काढून घ्यावी. बोट भिजेल, पण शेजाऱ्याच्या खिडकीत जाण्याची शक्यता कमी होईल.

ट्रेलरवर न मावणारी मोठी बोट पाण्यातच ठेवावी लागली, तर आडोशाची खाडी किंवा अरुंद कालवा शोधून दोन्ही काठांवरच्या मजबूत खांबांना ती मध्यभागी बांधावी, आणि कालव्यातून इतरांची ये-जा बंद होणार असेल तर आधी परवानगी घ्यावी. दोर लांब असावेत, कारण पाणी एक-दीड मीटर चढले तरी लांब दोराच्या कोनात थोडाच फरक पडतो, तर आखूड दोर बोटीला खाली ओढून धरतो किंवा स्वतः तुटतो. दोर दुपटीने लावावेत आणि प्रत्येक जोडी वेगवेगळ्या खुंटाला बांधावी, म्हणजे एक खुंट उपटला तरी दुसरा उरतो.

दोर बहुतेक वेळा मधोमध तुटत नाही. तो बोटीच्या कडेवरून ज्या जागी वळतो, त्या वितीभर जागेत झिजून जातो. नायलॉन ताणला जाऊन धक्के झेलतो, हा त्याचा गुण आहे, मात्र प्रत्येक ताणाबरोबर तो कडेवर पुढे-मागे घासला जातो, आतून तापतो आणि त्याचे धागे वितळू लागतात. बागेची रबरी नळी चिरून त्यावर बसवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण तिच्यात उष्णता कोंडली जाते आणि पावसाचे पाणी दोरापर्यंत पोहोचत नाही. जाड कॅनव्हास, चामडे किंवा अग्निशमन दलाच्या जुन्या कापडी नळीचा तुकडा अधिक चांगला. तो घासण्याच्या जागेच्या दोन्ही बाजूंना हातभर उरेल असा घेऊन दोन्ही टोकांना दोरीने शिवून टाकावा. शेवटी बॅटरी पूर्ण भरून बिल्ज पंप (बोटीच्या तळात साचलेले पाणी उपसणारा पंप) चालतो का ते पाहावे, बाहेरचे पाणी आत येण्याचे झडप बंद करावेत आणि कागदपत्रे व काढता येणारी उपकरणे घरी न्यावीत. यानंतर बोटीवर कोणी थांबू नये. वादळात बोट वाचवायला तिच्यावर राहणे हा विचारही करण्यासारखा नाही.

डॉक आणि वीज

डॉकवरच्या खुर्च्या, शिड्या, कयाक, पॅडलबोर्ड आणि झाकणाच्या पेट्या घरात न्याव्यात. गॅसच्या टाक्यांचे व्हॉल्व्ह बंद करून त्या उभ्या व पक्क्या बांधून ठेवाव्यात, कारण अर्धी रिकामी टाकी पाण्यावर तरंगते. तरंगता डॉक असेल तर तो ज्या खांबांवर वर-खाली सरकतो त्यांची उंची मोजावी. पाणी खांबाच्या टोकापर्यंत चढले की डॉक वरून निसटून तळ्यात मोकळा फिरतो. खतांच्या आणि कीटकनाशकांच्या गोण्या काठालगतच्या खोलीतून वरच्या जागी हलवाव्यात.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे डॉककडे जाणारी वीज घरातील मुख्य पॅनेलवरून बंद करावी. गोड्या पाण्यात विजेची गळती समुद्राच्या पाण्यापेक्षा माणसाला अधिक घातक ठरते. खारे पाणी स्वतःच वीज चांगली वाहून नेते, तर गोड्या पाण्याच्या तुलनेत माणसाचे शरीर अधिक चांगले वाहक असल्यामुळे प्रवाह शरीरातून जातो. डॉकची तार पाण्याखाली गेली असेल आणि पुरवठा चालू असेल, तर सुटलेली बोट धरायला पाण्यात उतरलेला माणूस हालचाल करण्याची शक्ती गमावून बुडू शकतो, आणि काठावरून पाहणाऱ्याला कारणही कळत नाही.

घर

खिडक्यांना शटर असल्यास ते लावावेत, नसल्यास पाऊण इंचाच्या आसपास जाडीचे प्लायवूड आधीच मापाने कापून, छिद्रे पाडून आणि खोलीचे नाव लिहून ठेवावे. काचांवर चिकटपट्टीच्या फुल्या मारण्यात वेळ घालवू नये, कारण त्याने काच वाचत नाही. गॅरेजचे दार हा घराचा सर्वांत कमजोर भाग असतो. ते आत दबले की वारा छताखाली शिरतो, म्हणून त्याला आतून आधार देण्याची सोय आधी करून ठेवावी.

तळ्याकाठच्या अनेक घरांना स्वतःची विहीर आणि सेप्टिक टाकी असते. वीज गेली की पंप बंद पडतो आणि नळाला पाणी राहत नाही, तेव्हा बाथटब भरून ठेवावा आणि पिण्याचे पाणी वेगळे साठवावे. सेप्टिक टाकी पुराच्या आधी उपसून घेण्याचा मोह टाळावा. जमीन पाण्याने भरलेली असताना रिकामी टाकी वर उचलली जाऊन पाइप तुटू शकतात. पोहण्याच्या तलावाचेही तेच आहे, तो पूर्ण रिकामा करू नये. जनरेटर घरापासून किमान २० फूट लांब, खिडक्या-दारांकडे धूर जाणार नाही असा ठेवावा. गॅरेजचे दार उघडे ठेवून आत तो चालवणेही जीवघेणे आहे.

वाळूच्या पिशव्या बहुतेक काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखे प्रशासकीय विभाग) ठरावीक संख्येने मोफत देतात. त्या प्लॅस्टिकच्या कापडासह दारांशी रचल्या तर थोडे पाणी काही तास अडते; चढत्या तळ्यासमोर त्यांच्याकडून याहून जास्त अपेक्षा ठेवू नये.

थांबावे की निघावे

फ्लोरिडातील अक्षरांनी ओळखले जाणारे स्थलांतर विभाग मुख्यतः समुद्राच्या भरतीच्या लाटेवर आधारलेले आहेत. तळ्याकाठचा पत्ता त्यात सापडला नाही म्हणजे घर सुरक्षित आहे असा अर्थ काढू नये. २०१३ ते २०२२ या दशकात अमेरिकेत अशा वादळांनी थेट घेतलेल्या बळींपैकी निम्म्याहून अधिक बळी पावसाच्या पुराचे होते. घर पूरक्षेत्राच्या नकाशावर कोठे येते ते पाहावे आणि रस्ता आधी बुडतो की घर, याचा अंदाज घ्यावा. अनेक वसाहतींना बाहेर जायला एकच सखल रस्ता असतो, आणि वाहत्या पाण्याची १२ इंच खोली लहान गाडी वाहून न्यायला पुरेशी असते. भारतातून आलेले आई-वडील घरी असतील तर निर्णय एक दिवस आधीच घ्यावा, त्यांची किमान दोन आठवड्यांची औषधे, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि पासपोर्ट पाणी न शिरणाऱ्या पिशवीत भरावेत आणि वैद्यकीय उपकरण विजेवर चालणारे असेल तर काउंटीच्या विशेष निवाऱ्यासाठी मोसमापूर्वीच नोंदणी करावी.

वादळ गेल्यावर

पाणी हटल्याखेरीज डॉकवर पाय ठेवू नये आणि विजेच्या तंत्रज्ञाने तपासल्याखेरीज डॉकची वीज सुरू करू नये. साचलेल्या पाण्यात साप असू शकतात, मगरीही नेहमीची जागा सोडून अंगणात येतात, आणि लाल मुंग्यांचे पाण्यावर तरंगणारे गठ्ठे दिसले तर त्यांना काठी लावायलाही जाऊ नये. मैल्याची टाकी व विहीर बुडाली असेल तर पाण्याची तपासणी होईपर्यंत ते उकळूनच वापरावे.

नुकसानीचे फोटो आवराआवरीच्या आधी काढावेत. बुडालेल्या बोटीचे इंजिन ‘चालते का पाहू’ म्हणून फिरवू नये. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नसल्यामुळे आतले दांडे वाकतात आणि दुरुस्त होण्याजोगे इंजिन भंगारात जाते. बोट उचलून देणाऱ्या कंपनीच्या माणसाने दारात येऊन कागद पुढे केला तरी विमा कंपनीशी बोलल्याशिवाय सही करू नये, मात्र आणखी नुकसान होऊ नये म्हणून ताडपत्री टाकणे, पाणी उपसणे ही कामे लगेच करावीत आणि त्यांच्या पावत्या जपून ठेवाव्यात.

तळ्यात फिरायला जाण्याची घाई करू नये. पाण्याच्या पातळीखाली तुटलेले डॉक, झाडांचे बुंधे आणि बुडालेल्या बोटी असतात. पाणी चढलेले असताना बोटीने उठवलेली लाट शेजाऱ्यांच्या घरात शिरते, म्हणून प्रशासन बोटींचा वेग मर्यादित करते किंवा त्यांना बंदी घालते. खांबांना बांधून ठेवलेल्या बोटीचे दोर मात्र या काळात रोज पाहावेत, कारण पाणी चढताना ढिले सोडलेले दोर पाणी उतरताना बोटीला एका बाजूने लटकवू शकतात, आणि सेंट जॉन्ससारख्या संथ नदीवर हे उतरणे आठवडे चालते.